कोड न लिहिता ओपन सोर्सला हातभार: सॉफ्टवेअर वापरायला सोपं व्हावं म्हणून काय करावं

आमच्या सोसायटीच्या सचिव काकू सर्वसाधारण सभेची सूचना टाइप करत होत्या. मी शेजारी खुर्ची ओढून बसले होते. सूचना झाली, विषयपत्रिका झाली, खाली ‘आपली विश्वासू’ही झालं. आता त्याची पीडीएफ करून सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची होती. काकूंनी फाइल मेनू उघडला, वरपासून खालपर्यंत वाचला, बंद केला. पुन्हा उघडला. ‘जतन करा’ दाबून तिथल्या यादीत पीडीएफ शोधली, मिळाली नाही. मग ‘छापा’ उघडून पाहिलं. चार मिनिटांनी त्यांनी मोबाइल उचलला, स्क्रीनचाच फोटो काढला आणि तो ग्रुपवर टाकायला निघाल्या.

‘निर्यात करा’ ही ओळ तीनदा त्यांच्या नजरेखालून गेली होती. पीडीएफ तिच्याच पोटात होती. नंतर विचारलं तेव्हा म्हणाल्या, “अगं, निर्यात म्हणजे कांदा-द्राक्षं परदेशी पाठवतात ते ना? मला वाटलं, ते आपल्या कामाचं नसेल.”

ते सॉफ्टवेअर ओपन सोर्स होतं, म्हणजे त्याचा कोड खुला, दुरुस्तीची दारं खुली. पण ज्यांनी ते घडवलं त्यांच्यापैकी कुणीही काकूंच्या शेजारी बसलेलं नव्हतं. बनवणाऱ्याला मेनू पाठ असतो. आपल्या घरात अंधारातही दिव्याचं बटण सापडतं, तसा त्याचा हात आपोआप जागेवर जातो, त्यामुळे पाहुणा कुठे चाचपडतो हे त्याला दिसत नाही. ओपन सोर्समध्ये कोड लिहिणारे बरेच आहेत. पाहुण्याला निरखणारे फार थोडे आहेत. आठवड्याचे दोन तास देऊ शकणाऱ्या, प्रोग्रॅमिंगचं एक अक्षरही न येणाऱ्या माणसासाठी इथे खरोखर मोलाचं काम पडून आहे. ते कसं करायचं, ते सांगते.

पायरी १: रोजच्या वापरातलं एकच सॉफ्टवेअर निवडा

लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, व्हीएलसी, गिंप, इंकस्केप, क्रिटा यांपैकी जे तुम्ही खरंच वापरता ते घ्या. ग्रंथालयात काम करत असाल तर कोहा घ्या. न्यूझीलंडमधल्या ग्रंथालयांसाठी तयार झालेली ही प्रणाली २००० सालापासून वापरात आहे आणि आज आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजांच्या ग्रंथालयांत तिच्यावरच पुस्तकांची देवघेव चालते. तिथला लिपिक दिवसाला शंभर वेळा जी खिडकी उघडतो, तिच्यातला एक क्लिक वाचला तरी हिशेब केवढा होतो बघा.

निवडण्याआधी दोन गोष्टी तपासा. गेल्या वर्षभरात नवी आवृत्ती आली आहे का? आणि लोकांनी नोंदवलेल्या अडचणींना कुणी उत्तरं देतं का? दोन्ही ‘हो’ असतील तर प्रकल्प जिवंत आहे. जिथे कुणी राहतच नाही त्या घराची बेल वाजवत बसू नये.

काही प्रकल्पांनी या कामासाठी दार आधीच उघडून ठेवलं आहे. लिब्रेऑफिसचा स्वतंत्र डिझाइन गट आहे, आणि त्यांच्या बगझिलामध्ये, म्हणजे अडचणी नोंदवायच्या संकेतस्थळावर, ज्या तक्रारींवर डिझाइनच्या नजरेतून मत हवं असतं त्यांना ‘नीड्स-यूएक्स-इव्हॅल’ अशी खूण लावलेली असते. केडीई या लिनक्सचा डेस्कटॉप बनवणाऱ्या प्रकल्पात नेट ग्रॅहम यांनी २०२२ मध्ये एक मोहीम सुरू केली: त्यांचा प्लाझ्मा डेस्कटॉप वापरायला बसल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांतच खुपणाऱ्या चुका वेगळ्या काढायच्या आणि त्या आधी सुधारायच्या. नवख्या माणसाला पहिली पंधरा मिनिटं सगळ्यांत स्वच्छ दिसतात. म्हणून तुम्ही सॉफ्टवेअरला सरावण्याआधीच, पहिल्याच दिवशी, जे जे अडलं ते वहीत उतरवून ठेवा. महिन्याभराने ते दिसेनासं होतं.

पायरी २: आधी घरचे नियम वाचा

ताजी आवृत्ती बसवा. जुन्या आवृत्तीतली चूक कदाचित सुधारलीही असेल. स्वतःच्या सेटिंग्जमुळे काही बिघडलं नाही ना, हे पाहायला लिब्रेऑफिसच्या मदत मेनूत सेफ मोड आहे, तर फायरफॉक्समध्ये ट्रबलशूट मोड. आवृत्तीचा क्रमांक मदत मेनूतल्या ‘अबाउट’ खाली मिळतो, तो टिपून ठेवा.

ग्नोम (हाही लिनक्सचा डेस्कटॉप) आणि केडीई यांनी स्क्रीनवर काय कुठे असावं, बटणावर कोणते शब्द असावेत, याची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केलेली आहेत. ती एकदा चाळा. २००१ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने ग्नोमची वापर-चाचणी घेतली, खरी माणसं बसवून. त्यानंतरच्या काळात ग्नोमच्या या लिखित तत्त्वांनी आकार घेतला. त्यामुळे ‘मला हे आवडत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘तुमच्याच अमुक तत्त्वाशी हे जुळत नाही’ असं म्हणता आलं, तर बोलणं लवकर पुढे जातं.

पायरी ३: माणसाला काम करताना पाहा

सगळा जीव या पायरीत आहे, तेव्हा इथे घाई नको.

किती माणसं हवीत? वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी टॉम लँडाउअर यांच्याबरोबर १९९३ मध्ये मांडलेल्या गणितावरून असं म्हटलं जातं की एकाच प्रकारच्या वापरकर्त्यांपैकी पाच जण पाहिले, तर सुमारे ८५ टक्के अडचणी समोर येतात. आकडा अंदाजाचा आहे, सगळीकडे तंतोतंत लागू होतो असं नाही. पण त्यातला दिलासा खरा आहे: शंभर माणसं गोळा करायची गरज नाही. आई, शेजारचे निवृत्त शिक्षक, कॉलेजातला भाचा, दुकानदार, सचिव काकू, झाले पाच. फक्त संगणकात मुरलेले मित्र नकोत.

काम कसं सांगायचं यावर निम्मं यश आहे. ‘फाइल पीडीएफमध्ये निर्यात करा’ असं सांगितलंत तर उत्तरच सांगून टाकलंत, ते मेनूत तो शब्द शोधतील आणि दाबतील. त्याऐवजी हेतू सांगा: ‘ही सूचना ग्रुपवर पाठवायची आहे, पण कुणाला त्यात बदल करता येऊ नये.’ मेनूतला एकही शब्द तुमच्या तोंडून निघता कामा नये.

बसण्यापूर्वी स्पष्ट विचारा: मी टिपणं घेते, चालेल ना? स्क्रीन रेकॉर्ड करते, चालेल ना? रेकॉर्डिंगला ओबीएस स्टुडिओ पुरतो, तोही ओपन सोर्सच. चेहरा टिपू नका. अडचणींची नोंद जगाला दिसते, म्हणून नाव, फोन नंबर, सभासदांची यादी यांतलं काहीही स्क्रीनवर येऊ देऊ नका. नमुन्याचा मजकूर आधीच तयार ठेवा. आणि एक वाक्य न विसरता म्हणा: “परीक्षा तुमची नाही, सॉफ्टवेअरची आहे. तुम्ही अडलात तर चूक त्याची.” आपल्याकडे मोठी माणसं संगणकासमोर अडली की ओशाळतात, ‘आता या वयात आम्हाला काय येणार’ म्हणतात. त्यांचा संकोच गेला नाही तर अडचणही दिसणार नाही.

मग गप्प बसा. अवघड आहे. समोरचा चुकीच्या मेनूत शिरतो तेव्हा आपलं बोट शिवशिवतं, जीभ वळवळते. पहिल्या खेपेला मी ‘खाली बघा ना’ म्हणून गेले आणि त्या बैठकीतून हाती काहीच लागलं नाही. त्यांनी विचारलं, “हे दाबू का?” तर म्हणा, “मी इथे नसते तर काय केलं असतं?” खरोखरच वैतागले, तर थांबवा, वाट दाखवा आणि पुढचं काम द्या. छळ करायचा नाही.

मनात चाललेलं मोठ्याने बोलत राहायला सांगा: “आता मी हे शोधतेय, हे दिसत नाहीये.” काहींना ते जमतं, काही जण मान खाली घालून गप्प होतात. अशा वेळी दोघांना एकत्र बसवा, मायलेकी किंवा दोन सहकारी. एकमेकींना समजावताना त्या आपोआप सगळं बोलतात: “अगं ते नको, वरचं दाब,” “ते दाबलं की जाईल सगळं!” त्या ‘जाईल सगळं’मध्ये केवढी भीती असते! एखाद्या बटणाची अशी भीती वाटते हे कुठल्याही प्रश्नावलीतून कळलं नसतं.

टिपणात डोळ्यांना आणि कानांना मिळालं तेवढंच लिहा. ‘गोंधळल्या’ हा तुमचा निष्कर्ष झाला. माझ्या वहीतलं एक पान असं आहे:

०:०० फाइल मेनू उघडला. बोट प्रत्येक ओळीवरून फिरवलं.
०:२५ बंद. “इथे नाहीये.”
०:४० जतन करा. प्रकारांची यादी दोनदा वरखाली.
१:५० छापा. “प्रिंटरच नाही माझ्याकडे.” रद्द.
२:३० पुन्हा फाइल मेनू. ‘निर्यात’वर दोन सेकंद थांबल्या, पुढे गेल्या.
४:०५ मोबाइल उचलला.

शेवटी ‘आवडलं का?’ असं विचारू नका. आपण पाहुणचाराला जागणारी माणसं, उत्तर ‘छान आहे’ हेच येणार. विचारायचं ते असं: “इथे थांबलात तेव्हा मनात काय होतं?” कांद्या-द्राक्षांचं उत्तर मला या प्रश्नातूनच मिळालं.

पायरी ४: एक अडचण, एक नोंद

पाच जणांना पाहून झालं की वहीत पंधरा-वीस गोष्टी असतात. त्या सगळ्या एका लांबलचक पत्रात कोंबल्या तर कुणीच हात लावत नाही, कारण त्यातलं नेमकं काय झालं की नोंद बंद करायची हेच कळत नाही. सर्वांत जास्त लोक जिथे अडले ती एक गोष्ट उचला. आधी कुणी नोंदवली आहे का ते तीन-चार वेगवेगळ्या शब्दांनी शोधा. असेल तर त्याच नोंदीखाली आपलं निरीक्षण जोडा. ‘मलाही असंच होतं’ एवढंच लिहू नका, वहीतल्या ओळी द्या.

नवी नोंद साधारण अशी लिहावी. मोठ्या प्रकल्पांत ती इंग्रजीत लागते, पण साधी, छोट्या वाक्यांची इंग्रजी पुरते. तिथे बरेच लोक दुसऱ्याच कुठल्या भाषेत वाढलेले असतात.

शीर्षक: पीडीएफ करण्याची सोय मेनूत असूनही नवख्यांना सापडत नाही
आवृत्ती आणि संगणक: आवृत्ती क्रमांक, विंडोज की लिनक्स, इंटरफेसची भाषा मराठी
काम: लिहिलेली सूचना बदल न करता येईल अशा रूपात पाठवणे
काय दिसलं: पाच जणांपैकी तिघांनी आधी ‘जतन करा’मध्ये शोधलं. दोघांनी काम सोडून दिलं. एकीने स्क्रीनचा फोटो काढला.
त्यांचे शब्द: “निर्यात म्हणजे परदेशी माल पाठवणं.”
आमचा अंदाज: शब्द ओळखीचा नाही, आणि ‘पीडीएफ’ हे अक्षर पहिल्या मेनूत दिसत नाही.
सुचवणी: पहिल्याच मेनूत ‘पीडीएफ तयार करा’ अशी ओळ असावी.

काय दिसलं, आम्हाला काय वाटतं आणि काय करावं, या तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या हे मी आग्रहाने सांगेन. तुमची सुचवणी त्यांना पटणार नाही कदाचित, पण तिघं अडली हे खोडता येत नाही. स्क्रीनचं चित्र जोडा, त्यावर लाल गोल काढा. हवं तर तीस सेकंदांचा तुकडा जोडा, अख्खा तास नको.

पायरी ५: ‘नाही’ ऐकायची तयारी ठेवा, आणि कारण विचारा

पहिलं उत्तर बऱ्याचदा थंड असतं. तिकडचा माणूसही कदाचित संध्याकाळी नोकरीवरून येऊन हे करतोय, हे ध्यानात ठेवा. शिवाय प्रत्येक बदलामागे जुन्या वापरकर्त्यांची सवय मोडते, मदतीची पानं बदलावी लागतात, डझनावारी भाषांतरं पुन्हा करावी लागतात.

चित्रं संपादित करायच्या गिंपचं उदाहरण घ्या. २०१२ साली आलेल्या २.८ आवृत्तीत त्यांनी ‘सेव्ह’ फक्त आपल्या एक्ससीएफ प्रकारासाठी ठेवलं, जेपेग किंवा पीएनजी हवं असेल तर ‘एक्सपोर्ट’. लोक चिडले, अनेक वर्षं चिडत राहिले. पण बनवणाऱ्यांकडे कारण होतं: जेपेगमध्ये चित्राचे थर टिकत नाहीत, आणि ‘सेव्ह केलंय’ या समजुतीत लोक आपलं काम गमावत होते. मला स्वतःला त्यांचं कारण पटतं, मात्र ते पडद्यावर नीट सांगितलं गेलं नाही असंही वाटतं.

उलट त्रिमितीय चित्रांच्या ब्लेंडरकडे पाहा. तिथे वर्षानुवर्षं वस्तू निवडायला उजवं क्लिक लागायचं, आणि जगातलं बाकीचं सगळं डाव्या क्लिकवर चालायचं. जुलै २०१९ मध्ये २.८० आवृत्ती आली तेव्हा डावं क्लिक मूळ धरलं गेलं, आणि ज्यांचा हात उजव्यावर बसला होता त्यांच्यासाठी जुनी सोय सेटिंगमध्ये ठेवली. तुमच्या सुचवणीतही हा विचार हवा: ज्यांना आजची रीत अंगवळणी पडली आहे त्यांचं काय?

भांडू नका. उत्तर आलं नाही तर तीन-चार आठवड्यांनी, नव्या निरीक्षणासह, एकदा आठवण करा. नुसतं ‘काय झालं?’ विचारून कुणी हलत नाही. सहावी-सातवी व्यक्ती त्याच जागी अडली हे कळलं, तर हलतात.

पायरी ६: मराठीतल्या अडचणी आपल्यालाच दिसणार

हा भाग आपल्यावाचून कुणी करणार नाही. बर्लिनमध्ये बसलेल्या प्रोग्रॅमरला ‘दुसऱ्या’मधला ऱ कसा दिसायला हवा हे कळायला मार्ग नाही.

मी नव्या सॉफ्टवेअरमध्ये हे तपासते. ‘कैऱ्या’, ‘ॲप’, ‘उत्कृष्ट’, ‘शृंगार’ हे शब्द लिहून पाहायचे. मेनूत आणि बटणांवर वरच्या वेलांट्या, मात्रा, रफार कापले जात नाहीत ना ते पाहायचं. बटणाची उंची रोमन अक्षरांच्या मापाने ठरवलेली असते तेव्हा हे होतं. ‘बहर’ आणि ‘बळ’ यांची यादी लावून पाहायची. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, पण युनिकोडच्या, म्हणजे संगणकातल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या, तक्त्यात तो ल ला खेटून बसलाय, त्यामुळे नुसत्या तक्त्याच्या क्रमाने लावलं तर ‘बळ’ आधी येतं. एखाद्या जोडाक्षरावर बॅकस्पेस आणि डिलीट दोन्ही दाबून बघायचं. बॅकस्पेस सहसा एकेक खूण पुसतो, डिलीट अख्खं अक्षर नेतो. टाइप करणाऱ्याची अपेक्षा काय आहे हे विचारून टिपा.

लिब्रेऑफिस रोमन मजकुराचा आणि देवनागरीचा फॉन्ट वेगवेगळा लक्षात ठेवतं. शैलीतही दोघांचे रकाने वेगळे असतात. एकाच परिच्छेदात मराठी-इंग्रजी लिहिणाऱ्यांना ही सोय उपयोगी आहे, पण हे ठाऊक नसलेला माणूस आकार १४ करतो आणि मराठी अक्षरं १२ वरच का राहिली म्हणून चक्रावतो. असं कुणाला होताना दिसलं, तर ती नोंद करण्याजोगी गोष्ट आहे.

आणि शब्द. चुकीच्या शब्दाने झाकलेली सोय नसल्यात जमा असते. मराठी भाषांतर लिब्रेऑफिससाठी वेबलेटवर, मोझिलासाठी पाँटूनवर आणि विकिपीडियाच्या सॉफ्टवेअरसाठी ट्रान्सलेटविकी या संकेतस्थळांवर चालतं. खातं उघडा, शब्द सुचवा, सोबत ‘अमुक जणांना हा शब्द कळला नाही’ असं टिपण ठेवा. आधी काम केलेल्या भाषांतरकाराला विश्वासात घ्या, त्याचे शब्द परस्पर खोडू नका. कोडमधला बदल महिनोन्महिने अडकतो. शब्द मात्र पुढच्याच आवृत्तीत बदलू शकतो.

पायरी ७: एक तास माऊस बाजूला ठेवा

फक्त कळफलकावर काम करून बघा. टॅब दाबत गेल्यावर आपण कुठे आहोत ते दिसतं का, सगळ्या बटणांपर्यंत पोहोचता येतं का, एखाद्या खिडकीत अडकून पडतो का? मग एनव्हीडीए बसवा. विंडोजवरचा हा स्क्रीन वाचक, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ च्या सुमारास उभा केला, आणि तो मोफत, ओपन सोर्स आहे. त्याच्यासोबत येणारा ईस्पीक एनजी हा आवाज मराठीही वाचतो. स्क्रीन बंद करून ऐकत राहा. ‘बटण… बटण… बटण’ असं नुसतं ऐकू आलं, तर त्या बटणांना नावंच दिलेली नाहीत. ही चूक सुधारायला सहसा सोपी असते, आणि एखाद्या अंध विद्यार्थ्यासाठी तेच बटण म्हणजे सगळं सॉफ्टवेअर असू शकतं. शक्य असेल तर रोज स्क्रीन वाचक वापरणाऱ्या माणसाबरोबर बसा. आपण तासभर डोळे मिटून जे शिकतो त्याच्या कितीतरी पुढचं तो पाच मिनिटांत दाखवतो.

हात बसला की पुढच्या वाटा आहेत. जुन्या पडून राहिलेल्या नोंदी ताज्या आवृत्तीत तपासून ‘अजून होतं’ किंवा ‘आता होत नाही’ असं लिहिणं हे कंटाळवाणं काम आहे, पण प्रोग्रॅमर त्यासाठी खरोखर ऋणी असतात. आउटरीची या कार्यक्रमातून वर्षातून दोनदा मानधनासह इंटर्नशिप मिळतात, त्यात डिझाइन आणि वापर-चाचणीची कामंही असतात. मार्टिन कीरी या डिझाइनरने २०१९ मध्ये म्यूझस्कोर या संगीताची स्वरलिपी लिहायच्या सॉफ्टवेअरच्या इंटरफेसवर सविस्तर टीका केली, पुढे त्यांच्याकडेच त्याच्या डिझाइनची सूत्रं आली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये म्यूझस्कोर ४ आलं.

पायरी ८: त्याच माणसाकडे पुन्हा जा

बदल झाला की नोंद बंद होते आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. नवी आवृत्ती आली की त्याच माणसाला तेच काम पुन्हा द्या.

आमच्या नोंदीतला शब्द मराठीत बदलला. मेनूची रचना तशीच आहे, त्यावर चर्चा चालू आहे. मी पुन्हा काकूंकडे गेले, पाणीकपातीची सूचना होती. त्यांनी फाइल मेनू उघडला, ‘पीडीएफ तयार करा’ वाचलं, दाबलं. अकरा सेकंद. मी मनातून खूश. काकू मात्र स्क्रीनकडे बघत राहिल्या.

“झाली म्हणतंय. पण गेली कुठे?”

फाइल एका फोल्डरमध्ये जाऊन बसली होती, आणि व्हॉट्सॲपने जोडायला दुसरंच फोल्डर उघडून दिलं होतं. मी वहीचं नवं पान काढलं आणि वेळ लिहिली.